कॅन्सरच्या उपचारांत आहारतज्ज्ञ नेमके काय करतात? आईसाठी विचारत आहे

सूतगिरणी

नमस्कार. माझी आई ५९ वर्षांची आहे. तिने तीस वर्षे विड्या वळल्या आणि त्याहून अधिक वर्षे मिश्री लावली. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या गालाच्या आतील कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आजारपणापूर्वी तिचे वजन ५४ किलो होते, आज ४८ आहे. येत्या सोमवारपासून रेडिएशनचे ३० शेक आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा केमो असा बेत डॉक्टरांनी सांगितला आहे. त्यांच्या कागदावर शेवटची ओळ "आहारतज्ज्ञांना दाखवावे" अशी आहे, पण ती आम्हाला कोणी समजावून सांगितली नाही.

घरात सध्या ज्याची त्याची यादी वेगळी आहे. मावशीने साखर आणि दूध बंद करायला लावले, कारण त्यांनी गाठ वाढते असे तिने ऐकले आहे. चुलत्यांच्या मते अंडी उष्ण पडतात. शेजारच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस सुरू करा म्हणून सांगितले. या सगळ्यातून उरले ते आई खाते, म्हणजे दिवसभरात दोन वाट्या पेज आणि तीन कप बिनसाखरेचा कोरा चहा. तोंड पुरते उघडत नाही आणि घास बाहेर येतो म्हणून ती आता कोणासमोर जेवायलाही बसत नाही.

आहारतज्ज्ञाकडे गेल्यावर आणखी एक यादी हाती पडणार असेल, तर आईला दमवण्यात अर्थ आहे का? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भुईकोट

जरूर जा, आणि शेक सुरू होण्याच्या आधी जा. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो. तोवर त्यांना पाण्याचा घोटही झोंबू लागला होता आणि जे दोन आठवड्यांपूर्वी तोंडाने भरून काढता आले असते, ते पुढे नळीने भरावे लागले.

पथ्यापथ्य

मी जिल्ह्यातील एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. आपल्या शंकेचे मूळ मला समजते, कारण "काय खाऊ नये" ही यादी बहुतेक घरांत आमच्या आधीच पोहोचलेली असते. आमचे काम बरेचसे त्या यादीतील नावे खोडण्याचे असते.

पहिल्या भेटीत आम्ही दोन साधे प्रश्न विचारतो: प्रयत्न न करता वजन उतरले आहे का, आणि भूक कमी झाल्यामुळे खाणे घटले आहे का. आपल्या आईच्या बाबतीत दोन्हींची उत्तरे "हो" आहेत. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरले तर आम्ही ते गंभीर मानतो आणि ५४ वरून ४८ म्हणजे ११ टक्के घट आहे. पुढे कालच्या दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत काय, किती आणि कोणत्या भांड्यातून खाल्ले हे विचारतो. तोंड किती बोटे उघडते, पाणी पिताना ठसका लागतो का, दात कोणते राहिले, शौचाला कसे होते, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, रक्ताचे अहवाल काय म्हणतात, घरात स्वयंपाक कोण करते आणि ती व्यक्ती कामावर किती वाजता जाते, हेही विचारतो. शेवटचा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटतो, परंतु दर दोन तासांनी खायला द्या असे सांगून उपयोग काय, जर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रुग्ण घरात एकटाच असेल?

त्यानंतर हिशोब मांडतो. कॅन्सरच्या रुग्णासाठी दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ग्रॅमहून अधिक, शक्य असल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने, हा सर्वसाधारण आधार धरतात. ४८ किलोसाठी ते १,२०० ते १,४४० किलोकॅलरी आणि जास्तीत जास्त सुमारे ७२ ग्रॅम प्रथिने होतात. दोन वाट्या पेजेने आणि कोऱ्या चहाने यातील निम्मेही भरत नाही. ही दरी त्यांच्या तोंडाला झेपेल अशा अन्नातून कशी भरायची, हा आमच्या कामाचा गाभा आहे.

तोंडाच्या शेकांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ चिकट होते, चव जाते, आणि शेक संपल्यावरही पुढे दोन-तीन आठवडे त्रास राहतो. म्हणून एकच तक्ता पुरत नाही. दर आठवड्याला वजन पाहून तो बदलावा लागतो. आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा सांगितली जात नाही. शेक देताना चेहऱ्यावर बसवण्याचा जो साचा प्रत्येकासाठी स्वतंत्र बनवतात, तो वजन फार उतरले की सैल होतो, आणि मग साचा व शेकाचे नियोजन पुन्हा करावे लागू शकते. त्यामुळे आईचे वजन टिकवणे हा शेक नेमक्या जागी पडण्याचाही प्रश्न आहे.

आणि कृपया दूध आजच परत सुरू करा. ते बंद करण्याचे कोणतेही कारण आपल्या लिहिण्यात मला दिसत नाही. पपईच्या पानांच्या रसाबद्दल आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. केमो चालू असताना कोणताही रस, काढा किंवा चूर्ण त्यांच्या नकळत देऊ नये.

कंबर_तलाव

पथ्यापथ्य ताई, आपल्या अनुभवाचा मान राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात हे तर शास्त्रज्ञांनीच सांगितले आहे. माझ्या बहिणीने निदान झाल्या दिवसापासून साखर, गूळ, भात आणि दूध सोडले. तिला हलके वाटते, पोट साफ राहते आणि तिच्या मनाला बळ आले. ज्या अन्नावर रोग पोसला जातो ते अन्न कमी करणे यात चूक काय आहे? प्रत्येक वेळी आमच्या घरच्या निरीक्षणाला अज्ञान म्हणून बाजूला सारले जाते याचे वाईट वाटते.

नवी_पेठ

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एवढ्यापुरतेच लिहितो. आपण ऐकलेल्या गोष्टीत तथ्याचा अंश आहे. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिले की गाठीच्या पेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात आणि वेगळ्या मार्गाने वापरतात. पेट स्कॅन या तपासणीत गाठ उजळून दिसते ती याच गुणधर्मामुळे. पण त्यावरून साखर सोडली की गाठ उपाशी मरते असा निष्कर्ष निघत नाही. ग्लुकोज मेंदूला लागते, रक्तातील तांबड्या पेशींनाही लागते, आणि जेवणातून ते मिळाले नाही तर यकृत ते स्वतः तयार करते. त्यासाठी लागणारा कच्चा माल मुख्यतः स्नायूंतील प्रथिनांतून येतो. म्हणजे भात आणि दूध दोन्ही सुटले आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही, तर गाठीला लागणारी साखर रक्तात राहतेच आणि झीज मात्र रुग्णाच्या दंडामांड्यांची होते.

आपल्या बहिणीला हलके वाटते हे मी खोटे मानत नाही. त्यांचे वजन निदानापासून किती बदलले, एवढे मात्र जरूर पाहावे.

कंबर_तलाव

वजन सात किलोने उतरले आहे. आम्ही ते चांगले लक्षण समजत होतो. तिला घेऊन या आठवड्यात दाखवून येते. मात्र थंड पेये आणि मिठाईचा मारा कोणत्याही आजाऱ्यावर करू नये, हे माझे मत कायम आहे.

पथ्यापथ्य

त्या मताशी मी सहमत आहे. गोड पेयांनी पोट भरते आणि प्रथिने मिळत नाहीत. बहिणीला मधुमेह असेल किंवा केमोसोबत स्टिरॉइड दिले जात असेल, तर रक्तातील साखरेकडेही लक्ष द्यावे लागते. एक विनंती आहे. त्या बरेच दिवस अगदीच कमी खात असतील तर एकदम भरपेट खायला घालू नका. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर आहार सुरू केला की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरू शकते आणि ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी रक्त तपासून आहार पायरीपायरीने वाढवतात.

हातमाग

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू बोलतो आणि दोन वेळा भात खातो. माझ्या काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. पहिल्यांदा ज्या रुग्णालयात दाखवले तेथे तीन मिनिटांत एक छापील कागद मिळाला. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि सॅल्मन मासा होता. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरी यातील एकही वस्तू कधी आली नव्हती. काकूंनी तो कागद देवघरात ठेवला आणि आपल्याला हे परवडत नाही म्हणून रडल्या. मूळ धाग्यात विचारलेली भीती आम्ही प्रत्यक्ष भोगली आहे, म्हणून आहारतज्ज्ञाकडे गेले की सगळे सुरळीत होते असे मी म्हणणार नाही.

पुढे दुसऱ्या ठिकाणी भेटलेल्या बाईंनी काकूंना विचारले, "तुमच्याकडे पप्पू कशी करतात ते मला सांगा." पप्पू म्हणजे आमच्याकडची डाळ. तेवढ्यावरून त्यांनी मऊ भात, घोटलेली तुरीची डाळ, त्यात दोन चमचे तूप, चिंच आणि तिखट वगळून चारू म्हणजे पातळ सार, आणि मधल्या वेळेला अंडे फेटून शिजवलेली पातळ खीर असा दिवस बसवून दिला. तोच स्वयंपाक, फक्त त्यात अधिक जीव घातलेला. काकू त्या दिवसापासून रडल्या नाहीत, कारण करता येण्यासारखे काहीतरी त्यांच्या हातात आले होते.

पथ्यापथ्य

आपण लिहिले ते घडते, आणि घडू नये. बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाशी शंभर माणसे उभी असताना छापील कागद देणे सोपे पडते. त्यावर रुग्णाच्या बाजूने एक उपाय आहे. भेटीपूर्वीचे तीन दिवस खाल्लेले सगळे वहीत लिहून न्यावे, आणि घरातील रोजची वाटी व पेला पिशवीत घालून न्यावा. वही समोर आली की बोलणे आपोआप त्या माणसाविषयी होते.

योग्य व्यक्ती ओळखण्याविषयीही विचारले जाते. आहारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही परीक्षा, या गोष्टी जरूर विचाराव्यात. आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांचा २०२१ चा कायदा झाला असून त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. परंतु आजही कोणीही पाटी लावून बसू शकतो असेच चित्र दिसते. जी व्यक्ती आपल्याच दुकानातील डबा विकत घ्यायला लावते किंवा केमो थांबवून आहाराने गाठ विरघळवण्याचे आश्वासन देते, तिच्याकडून उठून यावे.

सीनाकाठ

डब्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझ्या पत्नीच्या उपचारांत प्रथिनांच्या पावडरीचे डबे घेऊन घेऊन आम्ही मेटाकुटीला आलो. उपचाराचा खर्च योजनेतून झाला, पण डबे खिशातूनच आणावे लागले. मग गावाकडच्या आईने तिला भाजलेल्या शेंगांचा कूट, ज्वारीच्या कण्या आणि म्हशीचे दूध यांवर आणले, आणि पत्नीचे वजन टिकले. सोलापूर जिल्ह्यात राहून प्रथिनांसाठी डबा का आणायचा, हा माझा प्रश्न आहे.

भुईकोट

सीनाकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. माझ्या वडिलांना नाकातून नळी होती. त्या नळीतून शेंगांचा कूट जात नाही. पहिल्याच आठवड्यात ती कुटाने बुजली आणि आम्हाला भर उन्हात पुन्हा रुग्णालय गाठावे लागले. त्यानंतर आहारतज्ज्ञांनी दिवसाचे काही फीड, म्हणजे नळीतून द्यायचे पातळ अन्न, घरचे आणि काही डब्याचे असे ठरवून दिले.

नळीच्या आहाराविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो. दर दोन-अडीच तासांनी सुमारे २०० मिली द्यायचे. देताना रुग्णाला उशा लावून अर्धवट बसवायचे आणि नंतरही निदान अर्धा-पाऊण तास आडवे होऊ द्यायचे नाही. आधी नळीवरची खूण नाकाशी जागेवर आहे का ते पाहायचे. सिरिंजने जोर लावून ढकलायचे नाही, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचे. आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडायचे. खोकला आला की लगेच थांबवायचे. गोळ्या फीडमध्ये मिसळायच्या नाहीत आणि कोणती गोळी कुटून चालते हे विचारल्याशिवाय कुटायची नाही.

आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि साठवून वापरावे लागते, हे ऐकल्यावर त्या बाईंनी फीडचे, नळी धुण्याचे आणि पिण्याचे सगळे पाणी उकळून गार करून वापरायला सांगितले. तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि पारा ४२ च्या वर होता. दुधाचे फीड करून ठेवले की दोन तासांत वास मारायला लागे, म्हणून प्रत्येक वेळी ताजे करायचे ठरले. मी एका वहीत वेळ, प्रमाण, लघवी, शौच आणि वजन लिहीत असे. ती वही पाहूनच त्यांनी एकदा ओळखले की वडिलांना पाणी कमी पडते आहे. आम्ही अन्नाचेच माप धरून बसलो होतो. उन्हाळ्यातल्या पाण्याचे माप कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

पथ्यापथ्य

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे आणि यात निवड अशी करावी लागत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. दोन मोठे चमचे बारीक कूट घातला की साधारण ५ ग्रॅम प्रथिने आणि १०० किलोकॅलरी वाढतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ७ ते ८ ग्रॅम, आणि त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर मिसळली की आणखी ५-६ ग्रॅम. हुलग्याचे माडगे गाळून, तिखट न घालता केले तर तेही चालते. माणूस गिळू शकतो, पचवू शकतो आणि घरात करणारे कोणी आहे, तर स्वयंपाकघर पहिले. घास कमी जातो, पोटात जागा कमी आहे किंवा नळी बारीक आहे, तेव्हा थोड्या मापात नेमके पोषण देणारा डबा उपयोगी पडतो. फक्त प्रथिनांचा डबा आणि संपूर्ण आहाराचा डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानात सांगितले जात नाही. मूत्रपिंडावर ताण असेल तर प्रथिनांचे प्रमाणही बदलते, आणि काही केमो मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणून डबा विचारूनच आणावा.

माळढोक

या धाग्यात सगळीकडे वजन वाढवण्याचीच चर्चा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. केमोच्या काळात सासरमाहेरच्या सगळ्यांनी तूप, सुकामेवा आणि डिंकाचे लाडू यांचा आग्रह केला. स्टिरॉइडमुळे भूकही लागत होती. उपचार संपले तेव्हा माझे वजन नऊ किलोने वाढले होते आणि गुडघे बोलू लागले होते. आहारतज्ज्ञांनी माझा तक्ता पाहून सांगितले की या आजारात वजन वाढणे नेहमीचे आहे आणि मला लाडवांची गरज नाही. त्यांनी भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि रोजचे चालणे यांवर भर दिला. सोयाबीनला मी घाबरत होते. जेवणातील सोयाबीन बेताने चालते, सोयाच्या गोळ्या-अर्क नकोत, असे त्यांनी स्पष्ट केले. एकाच वॉर्डात शेजारच्या खाटेवरील बाईला तूप घाला आणि मला तूप कमी करा असे सांगितले गेले, तेव्हा मला प्रथम राग आला होता. आता कळते की तसे वेगवेगळे सांगितले गेले, यातच त्यांचे लक्ष दिसत होते.

उजनी

माझ्या सासऱ्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया होऊन पूर्ण जठर काढले आहे. जेवल्यावर घाम येतो, छाती धडधडते आणि जुलाब होतात. ते वारकरी आहेत आणि आषाढी एकादशी सोडायला तयार नाहीत. त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणावे?

पथ्यापथ्य

घाम आणि धडधड होते, कारण अन्न थांबण्याची पिशवी राहिलेली नाही आणि ते थेट आतड्यात उतरते. दिवसात सहा ते आठ वेळा थोडे थोडे, चावून, गोड कमी, आणि पाणी जेवणासोबत न घेता अर्धा तास आधी किंवा नंतर, एवढ्याने बराच फरक पडतो. पूर्ण जठर काढल्यावर जीवनसत्त्व ब-१२ आहारातून शोषले जात नाही, त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आयुष्यभर घ्यावे लागते, बहुधा इंजेक्शनने. ते चालू आहे ना, याची आजच खात्री करा.

एकादशीला निरंकार नको, हे मात्र मी ठामपणे सांगते. फराळ करून एकादशी करण्याला मी कधी नाही म्हटलेले नाही. भगर मऊ शिजवून, त्यात थोडा कूट, सोबत दही, राजगिऱ्याची बिनसाखरेची पातळ खीर, असे दर दोन तासांनी द्या. माझ्या एका रुग्णाने विठ्ठलाला काय चालेल असे मलाच विचारले होते. मी त्यांना म्हटले की ते मी सांगू शकत नाही, पण तुमच्या आतड्याला काय चालेल ते सांगते. त्यांनी तेवढे मानले.

सूतगिरणी

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. वही सुरू केली आहे. मुंबईला जावे लागेल का, असेही एकाने फोनवर सुचवले होते.

सीनाकाठ

केवळ आहाराच्या सल्ल्यासाठी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत धावण्याची गरज नाही. जेथे शेक चालू आहेत तेथेच आहारविभाग विचारा, कारण दर आठवड्याला वजन त्यांनाच पाहायचे आहे. आपल्या जिल्ह्याला हा आजार नवा नाही. देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली.

हुरडा

मी बरेच दिवस वाचत होते. लिहावे की नाही असे वाटत होते, पण ज्यांचा रुग्ण उपचारांच्या पलीकडे गेला आहे अशांपैकी कोणी येथे असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. माझ्या सासूबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. शेवटच्या दीड महिन्यात आम्ही त्यांना दर तासाला काहीतरी भरवत होतो. त्या तोंड फिरवत आणि आम्ही रागावत असू. मी एकदा त्यांना म्हणाले की तुम्हाला बरे व्हायचेच नाही. ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही.

घरी येणाऱ्या परिचारिकेने आहारतज्ज्ञांशी फोनवर बोलणे करून दिले. त्यांनी सांगितले की या टप्प्यावर शरीर अन्न वापरू शकत नाही, भूक नसणे हा आजाराचाच भाग आहे आणि आता मोजणे थांबवा. त्यांना आवडते ते, त्यांनी मागितले तर, त्यांना हवे तेवढेच द्या. ओठ ओले ठेवा. त्या रात्री सासूबाईंनी शेंगांची चटणी मागितली. मी दह्यात चिमूटभर कालवून बोटाने जिभेला लावली. त्यांनी डोळे मिटून चव घेतली आणि "मीठ कमी आहे" म्हणाल्या. त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घरात जेवणावरून भांडण झाले नाही. एवढे एक काम करणारे माणूस आम्हाला आधी भेटायला हवे होते.

पथ्यापथ्य

ताई, आपण हे लिहिले ते फार बरे केले. अन्न नाकारणारा माणूस आपल्याला नाकारतो आहे असे घरच्यांना वाटते आणि म्हणून राग येतो. त्या वाक्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. हे आपल्याला आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

सूतगिरणी

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. २२ शेक झाले. वजन ४७ किलो २०० ग्रॅम आहे आणि साचा अजून नीट बसतो.

पहिल्या भेटीत बाईंनी आमची वाटी मापून पाहिली. ती १२० मिलीची निघाली. म्हणजे "दोन वाट्या पेज" म्हणताना आम्ही स्वतःचीच फसवणूक करत होतो. त्यांनी पेजेच्या जागी ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, त्यात दुधाची पावडर आणि तूप घालून, गाळून द्यायला सांगितले. कोरा चहा गेला आणि त्या जागी अंडे घालून शिजवलेले दूध आले. प्रत्येक खाण्यानंतर एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या करायच्या. सगळे कोमट, काही तिखट-आंबट नाही. आईला तिखटाशिवाय अन्न म्हणजे शिक्षा वाटली, पण बाईंनी तिला तारीख लिहून दिली की अमुक दिवसापर्यंत. त्या तारखेमुळे ती तयार झाली. मावशीलाही भेटीला सोबत नेले होते. दुधाचा प्रश्न तिनेच विचारला आणि उत्तर तिनेच ऐकले, त्यामुळे घरातला वाद संपला.

आता अडचण अशी आहे की परवापासून घोटही जात नाही. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघेही नळी घालू म्हणतात. आई नको म्हणते. एकदा नळी लागली की माणूस परत जेवत नाही, असे तिला कोणीतरी सांगितले आहे.

भुईकोट

माझ्या वडिलांनीही हेच म्हणत दोन दिवस घालवले होते. शेक संपल्यावर पाच आठवड्यांनी नळी काढली. आता ते भाकरी वरणात मऊ करून रोज जेवतात. हे आईंना वाचून दाखवा.

पथ्यापथ्य

नळी असतानाही जमेल तसे पाण्याचे छोटे घोट आणि शिकवलेले गिळण्याचे व्यायाम चालू ठेवायला सांगतात, म्हणजे गिळण्याचे स्नायू आखडत नाहीत. मात्र घोटाला ठसका लागत असेल तर आधी गिळण्याच्या तज्ज्ञांना दाखवा. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे दुखण्यावरचे औषध चालू आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. शेकांत खंड पडू देऊ नका, कारण मध्ये सुटलेल्या दिवसांनी उपचाराचा परिणाम कमी होतो. राहिलेल्या आठ शेकांना त्यांच्या अंगात बळ लागणार आहे आणि ते आज नळीनेच जाऊ शकते.

सूतगिरणी

वाचून दाखवले. तिने भुईकोट यांच्या वडिलांचे वय विचारले, मग थोडा वेळ गप्प बसली आणि उद्या सकाळी चला म्हणाली.

भुईकोट

वडिलांचे वय ७१ आहे, असे सांगा. बारीक जाळीची चाळणी आणि त्या वेळची वही माझ्याकडे आहे. वहीत वेळांचे रकाने आखलेले आहेत आणि निम्मी पाने कोरी आहेत. उद्या दुपारी मी ती रुग्णालयात आणून देतो.